क्रियापदाची कसोटी : रचलेल्या भाषांच्या इतिहासातील एक प्रकरण

१

बोम्मसंद्रा हे बंगळूरच्या दक्षिणेला, होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. त्याची आजची ओळख औद्योगिक वसाहतीमुळे आहे. ऑगस्ट २०२५ पासून ते शहराच्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे अखेरचे स्थानकही झाले आहे. भाषेच्या अभ्यासकाला मात्र या गावाच्या नावातच एक छोटासा इतिहास आढळतो. कन्नडमध्ये ‘बोम्म’ हे ‘ब्रह्म’ या शब्दाचे तद्भव रूप आहे, आणि बंगळूर परिसरातील अनेक ग्रामनामांच्या शेवटी येणारा ‘संद्र’ हा ‘समुद्र’ या शब्दाचा झिजलेला अवशेष मानला जातो. समुद्र म्हणजे येथे गावाचे मोठे तळे. ‘समुद्र’चे ‘संद्र’ करावे असा ठराव कोणत्याही विद्वत्सभेने केला नव्हता. ते काम पिढ्यान् पिढ्या नाव उच्चारणाऱ्या तोंडांनी केले.

याच बंगळूर शहरात १९८१ साली उलट्या दिशेचा एक प्रवास सुरू झाला. चमू कृष्ण शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्कृत संभाषणाची चळवळ आरंभिली. पुढे ‘संस्कृत भारती’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या चळवळीने दहा दिवस, रोज दोन तास अशा शिबिरांचा पायंडा पाडला. १९९४ पासून ‘सम्भाषणसन्देशः’ हे मासिक बंगळूरहून निघू लागले. शतकानुशतके पाठशाळेत, यज्ञमंडपात आणि ग्रंथात राहिलेली भाषा बाजारात, स्वयंपाकघरात आणि प्रवासात वापरायची, तर तिच्यातील काय ठेवायचे आणि काय बाजूला सारायचे, याची निवड कोणालातरी करावीच लागते. ज्या क्षणी अशी निवड हेतुपूर्वक केली जाते, त्या क्षणी भाषा काही अंशी रचलेली होते.

संस्कृत ही कोणा एकाने शून्यातून निर्माण केलेली भाषा नाही, हे उघडच आहे. त्यामुळे एस्परांतो किंवा व्होलाप्यूक यांच्या पंक्तीत तिला सरसकट बसवता येणार नाही. तरीही ‘बोलण्यासाठी सोपी केलेली संस्कृत’ आणि या युरोपीय भाषा यांच्यापुढे एकच प्रश्न उभा राहिला, आणि तो क्रियापदाचा होता. शब्द बनवता येतात, नामे घडवता येतात, लिंगवचनांचे नियम कमीअधिक करता येतात. पण एखादी क्रिया झाली, होते आहे, होऊन राहिली, होता होता राहिली, की एकदाची होऊन गेली, हे सांगण्याची रीत कोण ठरवणार? रचलेल्या भाषांच्या इतिहासात या प्रश्नाला मिळालेली उत्तरे पाहिली, तर ती मराठीच्या स्वतःच्या इतिहासावरही प्रकाश टाकतात.

२

मराठीला भाषा ‘रचण्या’ची परंपरा नाही असे नाही. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. बारा भाषांत कवित्व करणारा हा कवी राजवाड्यांनी १९२२ च्या सुमारास मराठी वाचकांपुढे आणला. बंगळूरच्या दरबारात मराठी, कन्नड, संस्कृत, फारसी यांचा वावर एकत्र होता. शहाजीराजांच्या पुत्राच्या कारकिर्दीत ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. दहा वर्गांत विभागलेल्या या श्लोकबद्ध कोशाने दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले. विसाव्या शतकात सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून ‘महापौर’, ‘चित्रपट’, ‘दिग्दर्शक’ असे शब्द आले आणि रुळले. विद्यापीठीय परिभाषाकोशांनी तेच कार्य पुढे नेले.

या सर्व प्रयत्नांत एक गोष्ट समान आहे. रचना झाली ती जवळजवळ सर्वस्वी नामांची. राज्यव्यवहारकोशाने पदांची, वस्तूंची, अधिकाऱ्यांची आणि शस्त्रांची नावे बदलली. ‘केले’, ‘करीत असे’, ‘करावे’ यांना त्याने हात लावला नाही, आणि लावण्याचे कारणही नव्हते. आजही परभाषेतील क्रिया मराठीत येते तेव्हा तिचे नाम करून त्यापुढे ‘करणे’ किंवा ‘होणे’ जोडले जाते. ‘अ‍ॅडजस्ट केले’ या प्रयोगात परका आहे तो पहिला शब्द. क्रिया पुरी झाल्याची खूण ‘केले’मध्येच आहे.

गुप्त भाषांचा दाखलाही याच अंगाने पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांच्या नंदभाषेत एकाला ‘केवली’, चाराला ‘पोकू’, पाचाला ‘मुळू’ असे संकेत होते. गिऱ्हाइकासमोर भाव बोलता यावा आणि त्याला तो कळू नये, एवढाच त्यांचा हेतू. संकेतशब्द बदलले तरी वाक्याचा सांगाडा आणि प्रत्यय मराठीच राहिले. मुलांची ‘च’ची भाषा तर याहून बोलकी. शब्दाचे पहिले अक्षर काढून शेवटी न्यायचे आणि आरंभी ‘च’ लावायचा: ‘कविता’ची ‘चविताक’ होते आणि ‘जातो’चे ‘चतोजा’. ऐकणारा गोंधळतो, पण ‘जातो’मधील पुरुष, लिंग, वचन आणि काळ यांपैकी काहीच हरवलेले नसते. मूल शब्द उलथापालथा करू शकते. त्याला नवा काळ किंवा क्रियेची नवी अवस्था निर्माण करता येत नाही, आणि तशी गरजही वाटत नाही. भाषेची लपवाछपवी जेथे संपते, तेथे क्रियापदाचे राज्य सुरू होते.

३

क्रियापद इतके चिवट का, याचे उत्तर भारतीय परंपरेने फार पूर्वी शोधले होते. यास्काने ‘निरुक्ता’त नाम आणि आख्यात यांतील भेद सांगताना आख्यातात ‘भाव’ म्हणजे घडणे प्रधान असते असे म्हटले, आणि वार्ष्यायणीच्या मताचा आधार घेऊन घडण्याच्या सहा अवस्था नोंदवल्या: उत्पन्न होणे, असणे, बदलणे, वाढणे, झिजणे, नाहीसे होणे. या यादीत भूत, वर्तमान, भविष्य कोठेच नाहीत. क्रिया घड्याळात कोठे बसते यापेक्षा ती आतून कशी आहे, याचा हा विचार आहे. आधुनिक भाषाविज्ञान यालाच ‘क्रियाव्याप्ती’ म्हणते. ‘तो पत्र लिहीत होता’ आणि ‘त्याने पत्र लिहिले’ या दोन वाक्यांचा काळ एकच आहे, भूत. भेद आहे तो व्याप्तीचा. पहिल्यात लिहिण्याच्या आत डोकावलेले आहे, दुसऱ्यात ती क्रिया बाहेरून, पुरी झालेली म्हणून पाहिलेली आहे.

पाणिनीची पद्धत या संदर्भात विलक्षण ठरते. त्याने काळांना अर्थावरून नावे दिली नाहीत. लट्, लिट्, लुट्, लृट्, लेट्, लोट् अशी सहा, आणि लङ्, लिङ्, लुङ्, लृङ् अशी चार नावे त्याने अ, इ, उ, ऋ, ए, ओ या स्वरक्रमाने घडवली. ही नावे म्हणजेच एक रचलेली भाषा होय, भाषेबद्दल बोलण्यासाठी निर्माण केलेली. अर्थ त्याने नंतर, वेगळ्या सूत्रांनी जोडले. सामान्य भूतकाळाला लुङ्, आज न घडलेल्या भूताला लङ्, आणि बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या भूताला लिट्. शेवटचा भेद तर काळाचा नाहीच. तो साक्षीचा आहे.

त्याहूनही सूक्ष्म अशी त्याची दोन निरीक्षणे तिसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात आहेत. वर्तमानाच्या अगदी जवळची क्रिया वर्तमानासारखी बोलता येते, हे एक. आणि ज्या गोष्टीची आशा आहे ती, अजून घडायची असली तरी, भूतासारखी बोलता येते, हे दुसरे. मराठी माणूस दारातून बाहेर पडताना ‘मी आलोच’ म्हणतो, तेव्हा तो गेलेला असतो आणि आलेला नसतो. शेतकरी ‘पाऊस पडला की पीक आलेच’ म्हणतो, तेव्हा पाऊसही पडलेला नसतो आणि पीकही आलेले नसते. दोन्ही ठिकाणी ‘ला’ हा प्रत्यय भूतकाळ दाखवत नाही. क्रियेची खात्रीशीर पूर्णता दाखवतो. कन्नड भाषकही हाक मारल्यावर ‘बंदे’ म्हणजे ‘आलो’ असेच उत्तर देतो. दोन भिन्न कुळांतील शेजारी भाषांनी या बाबतीत एकच चाल पत्करली आहे.

मराठी व्याकरणकारांना या प्रत्ययांनी दीर्घकाळ कोड्यात टाकले. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा साचा त्यांच्यासमोर होता, आणि काळ व अर्थ यांच्या कप्प्यांत रूपे बसवणे हे त्या साच्याचे मुख्य काम होते. मोरो केशव दामल्यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त वेगळा मार्ग धरला. एकच रूप अनेक काळांत आणि अर्थांत वावरते हे पाहून त्यांनी रूपांना प्रत्ययांवरून नावे दिली: प्रथमताख्यात, द्वितीयताख्यात, लाख्यात, वाख्यात, चाख्यात आणि त्यांची भावंडे. ‘लाख्यात’ म्हणजे ‘ल’ असलेले आख्यात. त्याचा अर्थ भूत की पूर्णता की आशा, हे वाक्य ठरवील. दामल्यांची ही दृष्टी पाणिनीच्या लकारांच्या जवळची आहे, आणि भाषा रचू पाहणाऱ्या पुढील प्रत्येकाने ती वाचायला हवी होती असे वाटावे इतकी ती मूलगामी आहे.

४

युरोपात मात्र भाषा रचणाऱ्यांनी अर्थापासून सुरुवात केली. योहान मार्टिन श्लायर या जर्मन कॅथलिक धर्मगुरूने १८७९-८० मध्ये व्होलाप्यूक ही भाषा प्रसिद्ध केली. तिच्यात धातूच्या आधी एकेक स्वर लावून काळ दाखवायचा आणि नंतर पुरुषाचा प्रत्यय. ‘लफोब’च्या जवळपास उच्चारल्या जाणाऱ्या रूपाचा अर्थ ‘मी प्रेम करतो’. त्याआधी एक स्वर लावला की ‘केले’, दुसरा लावला की ‘केले आहे’, तिसरा लावला की ‘केले होते’, चौथ्याने ‘करीन’, पाचव्याने ‘केलेले असेन’. शिवाय कर्मणीसाठी, सतत घडणाऱ्या क्रियेसाठी, आज्ञेसाठी, विनंतीसाठी वेगवेगळ्या खुणा. कागदावर हा आराखडा निर्दोष होता. एका धातूपासून हजाराहून अधिक रूपे नियमाने साधता येत होती. मात्र बोलणाऱ्याला त्यांतील बहुतेकांची गरज नव्हती. १८८९ च्या पॅरिस परिषदेत ही भाषा प्रत्यक्ष बोलली गेली, आणि त्याच सुमारास ती सोपी करावी की नाही यावरून तिच्या अनुयायांत फूट पडली. सुधारणांवर अंतिम अधिकार आपलाच, हा श्लायरचा आग्रह होता. पुढे थोड्याच वर्षांत चळवळ ओसरली.

लुडविक झामेनहोफ हा बियालिस्टोक या तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या गावचा. पोलिश, यिडिश, रशियन आणि जर्मन या भाषा त्या गावाच्या रस्त्यावर एकमेकींना भिडत होत्या. १८८७ मध्ये त्याने वॉर्सात एस्परांतोचे पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. तिचे व्याकरण सोळा नियमांत मावले. क्रियापदाला पुरुष नाही, वचन नाही; ‘आस’ लागले की वर्तमान, ‘इस’ लागले की भूत, ‘ओस’ लागले की भविष्य. अ, इ, ओ या तीन स्वरांवर तीन काळ उभे करण्याची ही युक्ती पाहून भारतीय वाचकाला पाणिनीच्या लट्-लिट्-लुट्ची आठवण होणे स्वाभाविक आहे. फरक इतकाच की पाणिनीचे स्वर व्याकरणकाराच्या सोयीसाठी होते, झामेनहोफचे बोलणाऱ्यासाठी.

व्याप्तीचे काय? झामेनहोफने तिच्यासाठी स्वतंत्र रूपावली दिली नाही. शब्दसाधनेतील दोन साधने मात्र उपलब्ध होती. धातूच्या आधी ‘एक’ लावले की आरंभ: ‘कांति’ म्हणजे गाणे, ‘एक्कांति’ म्हणजे गाऊ लागणे. नंतर ‘आद’ लावले की सातत्य: ‘कांतादि’ म्हणजे गात राहणे. मराठी जे ‘लागणे’ आणि ‘राहणे’ या सहायक क्रियापदांनी करते, ते येथे उपसर्ग-प्रत्ययांनी साधले. शिवाय धातुसाधित विशेषणांची सहा रूपे होती, आणि वादाचे मूळ तेथेच निघाले.

‘तो अमुक साली जन्मला’ हे कर्मणी रचनेत सांगताना ‘आता’ प्रत्यय लावावा की ‘इता’, यावरून एस्परांतोच्या जगात विसाव्या शतकाच्या मध्यात तीव्र वाद झाला. एका पक्षाचे म्हणणे असे की हे प्रत्यय काळ दाखवतात. जन्माची घटना आणि सांगितलेला काळ एकाच वेळचे, म्हणून ‘आता’. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की ते पूर्णता दाखवतात. जन्म ही पुरी झालेली घटना, म्हणून ‘इता’. पहिल्या मताला जर्मन आणि स्कँडिनेव्हियन भाषकांत विशेष पाठिंबा होता. म्हणजे संस्थापकाने जेथे नियम मोकळा सोडला होता, तेथे प्रत्येकाची मातृभाषा येऊन बसली होती. १९६७ मध्ये एस्परांतोच्या अकादमीने पूर्णतेच्या बाजूने निर्णय दिला. ऐंशी वर्षे बोलल्यानंतर भाषेला सांगावे लागले की तिची ही खूण काळाची नसून व्याप्तीची आहे.

कल्पित साहित्यासाठी रचलेल्या भाषांनी या अनुभवाचा उपयोग करून घेतला. मार्क ओक्रांड या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने १९८० च्या दशकात ‘स्टार ट्रेक’ चित्रपटांसाठी क्लिंगॉन भाषा तयार केली. तिच्यात काळाचे प्रत्यय मुद्दाम ठेवलेले नाहीत. व्याप्तीचे मात्र चार आहेत. क्रिया पुरी झाली, ठरवून पुरी केली, चालू आहे, ठरलेल्या शेवटाकडे चालली आहे. परग्रहवासीयांची भाषा अनोळखी वाटावी म्हणून त्याने काळ काढला, पण व्याप्ती काढली नाही. व्याप्तीवाचून गोष्ट सांगणे किती अवघड जाते, याची ही एक प्रकारे कबुलीच होय.

५

आता बंगळूरच्या संस्कृतकडे परत येता येते. अभिजात संस्कृतात एका धातूची परस्मैपदातील रूपे दहा गटांत प्रत्येकी नऊ, अशी नव्वद होतात. संभाषणाच्या पहिल्या पायरीवर या चळवळीने तीन निर्णय केले. ‘त्वम्’ऐवजी ‘भवान्’ आणि ‘भवती’ वापरायचे. त्यांना क्रियापद तृतीय पुरुषाचे लागते, म्हणून मध्यम पुरुषाचा भार कमी झाला. द्विवचन आरंभी टाळायचे. आणि भूतकाळासाठी लङ्, लिट्, लुङ् यांपैकी कशाचाही आधार न घेता क्तवतु-प्रत्ययान्त रूप वापरायचे: ‘अगच्छत्’ किंवा ‘जगाम’ न म्हणता ‘गतवान्’, स्त्रीने बोलताना ‘गतवती’. वर्तमानाला लट्, भविष्याला लृट्, आज्ञेला लोट्. ढोबळ हिशेब केला तर नव्वदांच्या जागी बारा रूपे आणि एक धातुसाधित एवढ्यावर व्यवहार चालू लागतो.

परंपरानिष्ठ अभ्यासकाला हे दारिद्र्य वाटणे साहजिक आहे. ‘जगाम’मध्ये कवीने न पाहिलेला भूतकाळ आहे, महाभारताच्या कथनाची लय आहे; ‘गतवान्’मध्ये ती नाही. दहा दिवसांत बोलू लागलेला विद्यार्थी कालिदासाचा सर्ग उघडतो तेव्हा भूतकाळाची रूपे त्याला अनोळखी वाटतात. हा आक्षेप हलक्याने घेण्याजोगा नाही. ज्या भाषेत बोलता येते तिचेच साहित्य वाचता येऊ नये, तर संभाषणाचा मूळ हेतूच अपुरा राहतो.

परंतु या निवडीला इतिहासाचा आधारही आहे. पंचतंत्र-हितोपदेशासारख्या सुबोध संस्कृत गद्याने धातुसाधितांकडे आपला कल पूर्वीच दाखवला होता. लङ्, लिट् आणि लुङ् यांतील भेद कवींच्या वापरात पुष्कळदा पुसट झाले होते. प्राकृतांनी तर जुने भूतकाळ जवळजवळ टाकूनच दिले आणि ‘त’ प्रत्ययाच्या धातुसाधितावर आपला भूतकाळ उभारला. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ च्या विल्सन व्याख्यानांत आणि झ्यूल ब्लॉक यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठीच्या घडणीवरील ग्रंथात हा प्रवास तपशिलाने मांडला. संस्कृत ‘गत’, प्राकृत ‘गअ’, त्याला ‘ल्ल’ची जोड, आणि मराठी ‘गेला’. दामल्यांचे लाख्यात ते हेच.

या प्रवासाचा एक अतिशय जुना पुरावा कर्नाटकाच्याच भूमीत उभा आहे. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायथ्याशी कोरलेल्या मराठी लेखात ‘करवियलें’ हे रूप आहे. लेखाच्या काळाविषयी आणि मराठीच्या आद्य लेखाचा मान त्याला द्यावा की अक्षीच्या लेखाला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र रूपाविषयी मतभेद नाही. ‘करविले’ या अर्थाचे हे प्रयोजक लाख्यात आहे, आणि करविणाऱ्याचे नाव तृतीयेत आहे. बंगळूरपासून काही तासांच्या अंतरावर, दगडात, मराठीने आपला भूतकाळ धातुसाधितावर बसवल्याची नोंद आहे. जे प्राकृतांतून मराठीपर्यंत शतकांच्या ओघात आपोआप घडले, तेच बंगळूरच्या शिबिरांनी दहा दिवसांच्या अभ्यासक्रमात हेतुपूर्वक घडवले.

दोन्हींत एक भेद आहे, आणि तो या सर्व विवेचनाचा गाभा म्हणता येईल. मराठीने ‘क्त’चा वारसा घेतला. म्हणून ‘रामाने आंबा खाल्ला’ असा आपला प्रयोग: कर्ता तृतीयेत, आणि क्रियापद आंब्याच्या लिंगवचनाशी बांधलेले. शिबिरातील संस्कृतने ‘क्तवतु’ घेतला. म्हणून ‘रामः आम्रं खादितवान्’: कर्ता प्रथमेत, आणि रूप कर्त्याच्या लिंगवचनाशी बांधलेले. कन्नड वाक्याची ठेवण नेमकी अशीच आहे. तेथेही खाणाराच क्रियापदाला वळवतो. कर्मणीची वाट शिकणाऱ्याला अवघड जाते हे खरे, आणि सोपेपणा हेच या निवडीचे उघड कारण आहे. तरी सोपे म्हणजे काय, हे कोणत्या भाषेच्या अंगणात उभे राहून पाहतो यावर ठरते. मराठी मुलाला ‘रामेण आम्रं खादितम्’ हे वाक्य ‘रामाने आंबा खाल्ला’च्या घरचेच वाटेल. उलट ‘अहं गतवान्’ आणि ‘अहं गतवती’ हा पुरुष-स्त्रीच्या बोलण्यातील भेद मराठी ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांच्याशी जुळतो, आणि कन्नडच्या ‘होदे’शी जुळत नाही, तेथे प्रथम पुरुषात लिंगभेद नाही. एकूण, शिबिरातील संस्कृत कोणा एका मातृभाषेची छाया नाही, पण मातृभाषांच्या अंगणाबाहेरही ती उभी नाही.

व्याप्तीच्या बाबतीत हे अधिकच स्पष्ट होते. लट् लकार ‘करतो’ आणि ‘करतो आहे’ हे दोन्ही अर्थ वाहतो. प्राचीन लेखकाला तेवढे पुरत होते. आज संस्कृत बोलणारा मात्र ‘किं कुर्वन् अस्ति भवान्’ असे विचारतो. ‘कुर्वन् अस्ति’ म्हणजे शब्दशः ‘करत आहे’. तसेच ‘गतवान् अस्ति’ म्हणजे ‘गेला आहे’. अशा रचनांना प्राचीन संस्कृतात आधार सापडतो, परंतु त्यांचा आजचा सढळ वापर आजच्या भारतीय भाषांच्या सवयीतून आलेला आहे. आराखडा करणाऱ्यांनी काळ दिले. बोलणाऱ्यांनी व्याप्ती घरून आणली. एस्परांतोच्या ‘आता-इता’ वादाचीच ही भारतीय आवृत्ती. येथे वाद झाला नाही, कारण मराठी, हिंदी आणि कन्नड या भाषांच्या घरी व्याप्तीची भांडी बरीचशी सारखी होती. मराठी ‘करून टाकले’ म्हणते, तेथे कन्नड ‘माडिबिट्ट’ म्हणते. ‘करून’ला ‘माडि’ आणि क्रिया हातावेगळी झाल्याची खूण दाखवायला एक सहायक क्रियापद, अशी दोन्हींची जुळणी एकच.

हिब्रूचा दाखला येथे उपयोगी पडतो. एलिएझर बेन-येहूदा १८८१ मध्ये जेरुसलेमला पोहोचला, बंगळूरच्या चळवळीच्या बरोबर शंभर वर्षे आधी. बायबलच्या हिब्रूत क्रियापदाच्या दोन मुख्य रूपावली होत्या, आणि त्यांतील भेद बव्हंशी पूर्ण आणि अपूर्ण क्रियेचा मानला जातो. बोलभाषा म्हणून हिब्रू पुन्हा उभी राहिली तेव्हा त्यांतील एक भूतकाळ झाली, दुसरी भविष्यकाळ, आणि वर्तमानाची जागा धातुसाधिताने घेतली. रूपे जुनीच राहिली, पण त्यांची घरे बदलली. आज लक्षावधी मुले ती भाषा आईकडून शिकतात, आणि प्राचीन ग्रंथ वाचताना क्रियापदांचा अर्थ त्यांना नव्याने समजून घ्यावा लागतो. संस्कृत त्या टप्प्यापासून दूर आहे. २०११ च्या जनगणनेत भारतात २४,८२१ व्यक्तींनी संस्कृत ही आपली मातृभाषा नोंदवली. आईच्या तोंडून ती प्रत्यक्ष किती जणांना मिळाली, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

६

या साऱ्या इतिहासात पणाला काय लागले आहे? वरवर पाहता काही प्रत्यय. खोलात पाहता, भाषेचा कोणता भाग माणसाच्या इच्छेच्या स्वाधीन आहे आणि कोणता नाही, हा प्रश्न. मराठीच्या भवितव्याची चिंता करणारे लेखन बहुधा नामांविषयी बोलते: किती इंग्रजी शब्द आले, किती मराठी पर्याय रुळले, किती विसरले गेले. राज्यव्यवहारकोशापासून परिभाषाकोशांपर्यंतचा अनुभव असा की नामे गेली तरी परत आणता येतात, नवी घडवता येतात. क्रियापदाची घडण तशी परत आणता येत नाही. ‘करून बसला’ आणि ‘करून ठेवले’ यांतील भेद एखाद्या पिढीच्या कानांतून निसटला, तर तो कोशात छापून परत येणार नाही. ‘करून बसला’मध्ये पश्चात्ताप आहे, ‘करून ठेवले’मध्ये पुढची सोय. व्याकरणाच्या तक्त्यात या दोन्हींना मिळून एखादी ओळ येते. माणसांच्या संसारात ते दोन वेगळे स्वभाव आहेत.

याच्या उलट बाजूचा पुरावाही महाराष्ट्राने दिला आहे. सांगली जिल्ह्यातील, भाषाविज्ञानात ‘कुपवार’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या गावाचा अभ्यास जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू बोलणारे लोक तेथे पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिले. घरात प्रत्येकाने आपली भाषा राखली. पण चावडीवर आणि शेतात बोलता बोलता या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेतील वाक्याचे दुसऱ्या भाषेत शब्दागणिक रूपांतर करता यावे. शब्द वेगळे राहिले आणि व्याकरण एक होत गेले. झामेनहोफला बियालिस्टोकच्या रस्त्यावर जे हवे होते, त्याच्याशी नाते सांगणारे काहीतरी सांगलीकडच्या या गावाने आराखड्यावाचून साधले, फक्त दुसऱ्या टोकाकडून. त्याने शब्द नवे रचून व्याकरण सोपे केले. गावाने शब्दांना हात न लावता व्याकरण सामायिक केले.

बोम्मसंद्रासारख्या औद्योगिक वसाहतीत आज कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी, मराठी आणि इतर भाषा बोलणारे कामगार एकत्र येतात. तेथे कोणता सामायिक व्यवहार घडतो आहे, हे समजायला अजून काही पिढ्या जाव्या लागतील. ‘समुद्र’चे ‘संद्र’ व्हायलाही तितका वेळ लागलाच होता. बंगळूरच्या संस्कृत शिबिरांचे यशापयशही याच न्यायाने मोजावे लागेल. किती लोक ‘गतवान्’ म्हणू लागले, ही त्याची मोजणी अपुरी आहे. दाराबाहेर पाऊल टाकताना ‘आलोच’ म्हणण्याची गरज त्या भाषेत एखाद्या मुलाला पडली, आणि त्यासाठी त्याने शिक्षकाला न विचारता स्वतःचे रूप शोधले, तर ती भाषा रचनेच्या टप्प्यातून बाहेर पडली असे म्हणता येईल. ते रूप पाणिनीच्या सूत्रात बसेल की नाही, हे पुढच्या व्याकरणकाराने पाहावे. आशेतील क्रियेला भूतकाळाची मुभा देणाऱ्या त्या आचार्याला त्यात फारसे आश्चर्य वाटणार नाही.